मालकीचा आठवडा

सौदा वाईट होता. हे मी साहेबांना तोंडावर सांगितलं होतं, आणि ते गेल्यावरही माझं मत बदललेलं नाही. माणूस वारला म्हणून त्याचा फसलेला सौदा चांगला ठरत नाही.

पहाडगंजला माझं दुकान आहे. हॉटेलांना चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे पुरवतो. सुट्ट्या जवळ आल्या की दिल्लीतली ओळखीची मराठी मंडळी मला फोन करतात. टाइमशेअर घ्यावं, म्हणजे रिसॉर्टमधला दर वर्षीचा एक आठवडा कायमचा विकत घ्यावा, की दर वर्षी हॉटेलची खोली बुक करावी, हा प्रश्न ठरलेला असतो. मी सांगतो, हॉटेल. डोळे झाकून हॉटेल. त्यावर हमखास कुणीतरी म्हणतं, "पण तुमच्या साहेबांनी तर टाइमशेअर घेतलं होतं ना?" तिथं माझं डोकं तापतं. साहेबांचं उदाहरण कुठल्याच हिशेबात बसत नाही, आणि का बसत नाही हे फोनवर सांगता येत नाही. म्हणून एकदाचं लिहून टाकतोय.

साहेब लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचे. मूळचे मराठवाड्यातले, केंद्र सरकारच्या कुठल्याशा मंत्रालयात अधिकारी. मी तेव्हा मुनिरक्यात तिघांबरोबर एका खोलीत राहत होतो आणि खांद्यावर गाठोडं टाकून वसाहतींमधून चादरी विकत होतो. एका दुपारी त्यांचं दार वाजवलं. मी हिंदीत भाव सांगितला. बाहेर आलेल्या उंच, काळ्या, कडक इस्त्रीच्या माणसानं पाकीट काढलं आणि म्हणाला, "ठीक है. दो दे दो."

आतून बाईंचा आवाज आला, मराठीत. "अहो, थोडं कमी करायला सांगा ना त्याला."

"तो भाव सांगतोय ना? मग आपण कशाला विचारायचं?"

मराठी ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. पहिल्याच आकड्याला हो म्हणणारं गिऱ्हाईक मला अपमानासारखं वाटतं. समोरच्यानं मला भांडण्याच्या लायकीचंही समजलं नाही असं वाटतं. मी मराठीतच म्हणालो, "साहेब, तुम्ही घासाघीस करायला पाहिजे होती. मी भाव चढवून सांगितलाय."

"म्हणजे खोटं बोललास."

"धंदा आहे, साहेब."

"धंदा तुझा, खोटं तुझं. पैसे घे आणि आत येऊन चहा पी. कुठला तू?"

"वाशिमकडचा."

"बास. तेवढं पुरे."

पुढचं त्यांनी विचारलं नाही. मला सवय होती की गावानंतर आडनाव येतं, आडनावानंतर गावातली कुठली गल्ली ते येतं. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, आमच्या घरी आहे तशीच. मीही काही विचारलं नाही. वहिनींनी चहाबरोबर चिवडा ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "भाऊ, पुढच्या वेळी मी एकटी असताना या. भावाचं मी बघते."

साहेब कुणाकडे काही विचारत नसत. हा त्यांचा स्वभाव नव्हता, नेम होता. बसमध्ये कंडक्टरला स्टॉप विचारायचे नाहीत. चुकीच्या ठिकाणी उतरून उन्हातून चालत यायचे आणि म्हणायचे, रस्ता पाहून झाला. दुकानात "अमुक आहे का" म्हणणार नाहीत. ती वस्तू दिसेपर्यंत नजर फिरवत उभे राहतील आणि मग बोट दाखवतील. जेवायला बाहेर गेलो तर दारातच थांबायचे. "जागा आहे का ते बघू," मी म्हणायचो. ते म्हणायचे, "आहे की नाही हे त्यांना माहीत आहे. त्यांना आपण दिसतोय." वहिनी हसून सांगायच्या, "यांनी मला लग्नासाठीसुद्धा विचारलं नव्हतं, भाऊ. घरी आले आणि तारीख सांगितली."

माझं बरोबर उलटं. मला विचारायला आवडतं. कुणी नाही म्हणालं की माझं बोलणं तिथून सुरू होतं. गाठोड्यापासून दुकानापर्यंत मी आलो तो लोकांच्या नाहीचा हो करत आलो. कुटुंबाला घेऊन फिरायला गेलो तरी मी काउंटरवर कोपर टेकून उभा राहतो, खोली दाखवा म्हणतो, गादी दाबून बघतो, चादर तर नुसती बोटांना लागली तरी तिचं वय सांगतो, आणि मग भावाला हात घालतो. माझी बायको तोवर सामानाजवळ तोंड फिरवून बसते. पण खोली स्वस्तात मिळते, आणि नाही मिळाली तर शेजारी दुसरं हॉटेल असतंच. हे मी साहेबांना कितीतरी वेळा समजावलं. ते ऐकून घ्यायचे, जसं ऑफिसात नको असलेल्या शिष्टमंडळाचं ऐकून घेत असतील.

मग एक दिवस वहिनींचा फोन आला. "भाऊ, लवकर या. यांनी काहीतरी विकत घेतलंय."

झालं असं होतं की कुठल्या तरी कंपनीनं नवरा-बायकोला गुरुग्रामच्या मोठ्या हॉटेलात जेवायला बोलावलं होतं. अशी बोलावणी मलाही येतात. मी जातो, जेवतो, आणि शेवटी सही मागायला येणाऱ्या पोराशी इतका वाद घालतो की तोच मला टॅक्सीपर्यंत सोडायला येतो. साहेब सही करून आले होते. भीमतालच्या वरच्या अंगाला एक रिसॉर्ट, त्यात दोन खोल्यांचं, छोट्या स्वयंपाकघराचं, समोर गॅलरी असलेलं एक युनिट, मे महिन्यातला एक ठरलेला आठवडा, आणि तो दर वर्षी, त्यांच्या निवृत्तीच्या कितीतरी पुढपर्यंत. त्यावर दर वर्षी देखभालीचे पैसे वेगळे.

मी त्यांच्यासमोरच मोबाइलवर आकडेमोड केली. "साहेब, एवढे पैसे बँकेत टाका. नुसत्या व्याजात दर वर्षी हॉटेलात राहाल. मसुरीला जा, पुढच्या वर्षी केरळला जा. एखाद्या वर्षी मुलीची परीक्षा असली तर जाऊच नका, पैसा जागेवर राहील. आणि हॉटेल आवडलं नाही तर मी उठून दुसरीकडे जातो. तुम्हाला आवडलं नाही तरी पैसे भरायचेत. मग सांगा, मालक कोण आणि नोकर कोण?"

"झालं तुझं?"

"झालं."

"त्या मुलानं मला काय सांगितलं माहीत आहे? म्हणाला, सर, आप गेस्ट नहीं, ओनर होंगे."

"तो सगळ्यांना तेच सांगतो, साहेब. त्याच्याकडून पाठ करून घेतात."

"सगळ्यांना सांगत असेल. मला पहिल्यांदा सांगितलं."

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली, पंख्याकडे बघत, एखाद्या जुन्या फाइलमधला मजकूर वाचावा तशी. मॅट्रिकनंतर कुठल्याशा परीक्षेसाठी वडील त्यांना जिल्ह्याच्या गावी घेऊन गेले होते. मुलाची नीट झोप व्हावी म्हणून लॉजवर गेले. वडिलांनी हात जोडून विचारलं, खोली मिळेल का. मालकानं आडनाव विचारलं. मग गाव विचारलं. मग गावात कुठं राहता ते विचारलं, आणि सांगितलं, खोली नाही. त्याच्या पाठीमागच्या फळीवर किल्ल्यांची रांग लटकत होती. वडिलांनी पुन्हा हात जोडले, त्याचे आभार मानले, आणि दोघं एस.टी. स्टँडच्या बाकावर झोपले.

"आभार मानले," साहेब म्हणाले. "खोली नाही मिळाली त्याचं काही नाही. मला ते आभार गिळता आले नाहीत. मी कुठल्या काउंटरवर खोली आहे का म्हणून विचारणार नाही. आणि माझ्या पोरीसमोर तर नाहीच."

मी मोबाइल खिशात टाकला, पण पटलं म्हणून नाही. माझ्याही बापाला असे लॉजवाले भेटले होते. म्हणून तर मी काउंटरवर कोपर टेकून उभा राहतो. मला त्या माणसाकडून खोली हवी असते, आणि तीही त्यानं सांगितलेल्या भावापेक्षा कमीत. साहेबांना तो माणूसच मध्ये नको होता. दोघांचं दुखणं एक होतं आणि औषधं वेगळी. माझं औषध स्वस्त होतं, एवढंच मी म्हणत होतो.

हा आठवडा त्यांनी कसा निवडला ते दुसऱ्या वर्षी कळलं. सही करताना कंपनीच्या पोरानं कुठला आठवडा हवा म्हणून विचारलं, तेव्हा साहेबांनी बुद्ध पौर्णिमा येते तो सांगितला. आयुष्यभर सरकारनं दिलेल्या घरात राहिलेला माणूस. स्वतःच्या मालकीच्या जागेत पौर्णिमा करायची ही त्यांची हौस. पहिल्या वर्षी झालीही झकास. त्यांचं आणि माझं, आम्ही दोन्ही घरं पांढऱ्या कपड्यांत गॅलरीत बसलो, त्रिशरण-पंचशील झालं, वहिनींनी त्या छोट्या स्वयंपाकघरात खीर केली, आणि समोरच्या डोंगरामागून ताटाएवढा चंद्र वर आला. दुसऱ्या वर्षी वहिनींनी कॅलेंडर उलटलं.

"अहो, पौर्णिमा तर आपल्या आठवड्याच्या आधीच येऊन जातेय."

नियमांच्या पुस्तकातला स्वल्पविरामही न सोडणारा हा अधिकारी. त्यानं तिथीनं सरकणारा सण इंग्रजी तारखेच्या आठवड्याला बांधून ठेवला होता, तोही सही-शिक्क्यानिशी. मी पोट धरून हसलो.

"मग काय करायचं?" वहिनींनी विचारलं.

"काय करायचं म्हणजे? आपली पौर्णिमा आपण आपल्या आठवड्यात करू."

"अर्ध्या चंद्राची?"

"चंद्र काही आपल्या मालकीचा नाही. आठवडा आहे."

आणि खरोखर दर वर्षी तसंच केलं. विहारातली मंडळी त्याला सरकारी पौर्णिमा म्हणायची. कधी चंद्र कोरभर असायचा, कधी नसायचाच. साहेब पांढरा सदरा घालून गॅलरीत बसायचे, वहिनी खीर करायच्या, आणि माझी पोरं बरीच मोठी होईपर्यंत असं समजत होती की बुद्ध पौर्णिमेला काळोख असतो.

मी दर वर्षी का जात होतो? एक तर साहेब बोलवायचे नाहीत, सांगायचे. "अमक्या तारखेला निघायचंय." दुसरं म्हणजे मला भांडायला तिथं फार साहित्य होतं. साहेब घरून स्क्रू-ड्रायव्हर आणि पाना घेऊन यायचे. पोहोचल्या पोहोचल्या नळ तपासायचे, गॅलरीच्या दाराची कडी घट्ट करायचे, खिडकीच्या चौकटीला तेल द्यायचे.

"साहेब, हॉटेलात नळ गळला तर मी बिलातून पैसे कापतो. तुम्ही देखभालीचे पैसे भरता आणि वर नळही स्वतःच नीट करता."

"तुझ्या घरचा नळ कोण नीट करतं?"

"ते घर आहे माझं."

"मग?" असं म्हणून ते पाना फिरवत राहायचे.

खोटं कशाला बोलू, त्या फेऱ्यांचा मला फायदाही झाला. तिथल्या चादरी मला बघवेनात. मी मॅनेजरला माझे नमुने दाखवले आणि त्या रिसॉर्टची ऑर्डर मिळवली. डोंगरातली माझी ती पहिली ऑर्डर. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "चांगल्या दे. आमच्या घरात घालायच्यात."

पुढं रिसॉर्ट दुसऱ्या कंपनीनं घेतलं. मग फोन यायला लागले. सर, ठरलेला आठवडा आता कुणी ठेवत नाही, पॉइंट्स घ्या, थोडे पैसे भरून नव्या योजनेत या, कुठंही कधीही जा. मी म्हणालो, साहेब, ही पळवाट आहे, घासाघीस करून यातून बाहेर पडू, माझ्यावर सोपवा. साहेब फोनवर फक्त एवढंच म्हणायचे, "मेरा हफ्ता मेरे पास है," आणि ठेवून द्यायचे. तेव्हा ते निवृत्त झाले होते, क्वार्टर सोडून नोएडाला मुलीच्या फ्लॅटवर राहायला गेले होते. मालकीचं म्हणावं असं त्यांच्याकडे आता तो आठवडाच होता.

त्या वर्षी खरी पौर्णिमा पुन्हा त्यांच्या आठवड्यात आली. साहेबांनी नवा पांढरा सदरा शिवला. स्वयंपाकघरातला गॅस आदल्या वर्षी नीट पेटत नव्हता, म्हणून वहिनींनी खीर घरूनच करून बर्फाच्या डब्यात ठेवली, आणि आम्ही दोन्ही घरं पहाटे निघून दुपारी पोहोचलो.

काउंटरवर नवा मॅनेजर होता. गोड बोलणारा. "सर, एक छोटी सी प्रॉब्लेम है. आपकी यूनिट ऑक्युपाइड है. हमने आपको पीछे अॅनेक्स में रखा है."

"ऑक्युपाइड मतलब?" मी पुढं झालो. "किसने लिया?"

खोदून विचारल्यावर बाहेर आलं. मोबाइलवर चढ्या भावानं बुकिंग करून दिल्लीचं कुठलं तरी कुटुंब आदल्या दिवशी येऊन राहिलं होतं. साहेबांची मुलगी माझ्या बाजूलाच उभी होती. साहेब काउंटरपासून हातभर मागं उभे होते, सरळ, हातात पिशवी. त्यांच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं आणि मला मी कधीच न पाहिलेला तो लॉजवाला दिसला. मग मी सुटलो. मी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. मॅनेजर अॅनेक्सवरून डीलक्सवर आला, डीलक्सवरून तलावाच्या बाजूच्या सूटवर आला, त्यात सगळ्यांचं दोन्ही वेळचं जेवण आलं, पुढच्या वर्षीची देखभाल माफ आली. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली घासाघीस होती. मी विजयानं मागं वळलो.

साहेब म्हणाले, "तू हो बाजूला."

"साहेब, तुमच्या युनिटच्या दुप्पट खोली आहे. वर जेवण फुकट."

"माझी खोली कुठली ते त्यांना माहीत आहे."

माझं डोकं फिरलं. "मग बघा आता. गिऱ्हाईक आत आहे आणि मालक बाहेर. मी एवढी वर्षं हेच सांगत होतो ना तुम्हाला?"

"बरोबर. म्हणूनच मी इथं बसणार आहे." ते वहिनींकडे वळले. "चटई काढ."

लॉबीच्या मधोमध चटई पडली. आम्ही आळीपाळीनं तिथल्याच बाथरूममध्ये पांढरे कपडे चढवले. टीपॉयवरची मासिकं बाजूला करून वहिनींनी छोटी मूर्ती ठेवली, मेणबत्त्या लावल्या. साहेबांनी त्रिशरण म्हणायला सुरुवात केली. आवाज खणखणीत, ऑफिसात कधी वापरला नसेल असा. मॅनेजरनं मला खांबाआड ओढलं.

"भाईसाहब, आप तो अपने आदमी हो. समझाइए इनको. आपकी चादरें भी तो यहीं बिछती हैं."

"तो आज से मत बिछाना," मी म्हणालो.

ऑर्डर गेली. पुन्हा मिळाली नाही. घरी येताना गाडीत मी साहेबांना हे सांगितलं, थोडी अपेक्षा ठेवूनच सांगितलं. ते म्हणाले, "तुला कुणी सांगितलं होतं?" बास, एवढंच. त्याचा राग माझ्या मनात आजही आहे, आणि मी तो सोडणार नाही. पण त्या संध्याकाळी जे पाहिलं तेही सोडणार नाही.

संध्याकाळची गिऱ्हाइकं यायला लागली. दिल्लीच्या, गाझियाबादच्या गाड्या, बॅगा, झोपेतून उठलेली पोरं. दारातून आत आलं की समोर पांढऱ्या कपड्यांतली माणसं आणि मेणबत्त्या. पहिलं कुटुंब दबकून थांबलं. साहेब उठले आणि त्यांच्यापर्यंत चालत गेले. त्यांच्या हिंदीला परभणीचा वास कायम होता.

"आइए, बैठिए. बच्चों को पानी दीजिए. मैं यहाँ का मालिक हूँ. मेरा घर इन लोगों ने किसी और को दे दिया है, इसलिए आज यहाँ बैठे हैं. आज बुद्ध पूर्णिमा है. खीर लीजिए."

बाई गोंधळून हसली. नवऱ्यानं काउंटरकडे पाहिलं आणि विचारलं, "आपका दे दिया? मतलब हमारा भी दे सकते हैं?" मॅनेजर म्हणाला, "नो सर, नो सर." साहेब पुढच्या गाडीकडे वळले होते. प्रत्येकाला तेच, त्याच आदबीनं, एकही शब्द कमी-जास्त नाही. खीर घेऊन माणसं चटईच्या कडेला टेकायला लागली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, त्यांचाही इथं आठवडा आहे, त्यांनाही गेल्या वर्षी असंच मागच्या अॅनेक्समध्ये टाकलं होतं. तेही बसले. काउंटरसमोर रांग लागली होती, पण रांगेतला जो तो मॅनेजरला आधी साहेबांचं विचारत होता आणि मग आपलं.

मॅनेजरनं दोनदा आत फोन केला. मग एक माणूस बॅगा वाहायची ढकलगाडी घेऊन मागच्या जिन्यानं आमच्या युनिटकडे पळाला. थोड्या वेळानं मॅनेजर स्वतः काउंटरच्या बाहेर आला, चटईच्या कडेला बूट काढले, आणि साहेबांसमोर वाकला.

"सर, आपका यूनिट खाली करवा दिया है. साफ़ भी हो गया. प्लीज़, चलेंगे आप?"

साहेबांनी हातातल्या वाटीतला शेवटचा घास संपवला. मुलगी उठायला लागली, तिला त्यांनी हातानं बसवलं.

"पहले इन मेहमानों को कमरे दो," ते म्हणाले. "मुझे क्या जल्दी है? मैं तो अपने घर में बैठा हूँ."

मॅनेजर परत काउंटरमागं गेला आणि रांगेतल्या पहिल्याचं नाव लिहायला लागला. मी अजून धुमसत उभा होतो, कारण माझा सूट, माझं फुकटचं जेवण, माझी चादरींची ऑर्डर, सगळं त्या चटईवर बुडालं होतं. दारात आणखी एक गाडी थांबली. वहिनींनी माझ्या हातात पळी दिली.

"बघत काय राहिलात, भाऊ? वाढा. आपल्याकडे पाहुणे आलेत."

मी वाढत राहिलो.